पाचवं तिकीट : एका शिक्षिकेच्या उन्हाळी सुट्टीचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाई आणि मी डोंबिवलीजवळच्या एकाच अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवतो. हे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि लिहून झाल्यावर त्यांना वाचूनही दाखवलं आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, गावाचंही नाही. कुडाळ तालुका एवढं पुरे.

बाईंचं कुटुंब चौघांचं. नवरा खाजगी कंपनीत, मुलगी दहावीला, मुलगा पाचवीत. राहतात वन बीएचकेमध्ये, चौथ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. गावी सासूबाई एकट्या असतात, वय ७४. त्यांना मी इथे आजी म्हणेन. घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. पुढे सारवलेलं खळं म्हणजे अंगण, मागे विहीर, एक बरका फणस आणि परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सात झाडं. सासरे गेल्यापासून नऊ वर्षं आजींनी ते घर एकटीने सांभाळलं आहे.

२०२४ च्या जुलैत आजी न्हाणीघराच्या पायरीवर शेवाळावरून घसरल्या. मनगट मोडलं. शेजारच्या काकींनी रिक्षा करून त्यांना तालुक्याला नेलं आणि प्लॅस्टर घालून घरी आणलं. डोंबिवलीत हे कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण रात्रभर गावात वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. बाई त्या दिवशी आठवीच्या वर्गात व्याकरण शिकवत होत्या. फोन घेऊन बाहेर गेल्या त्या तासभर आत आल्याच नाहीत.

तेव्हापासून घरात एकच विषय. आजींचं काय करायचं? आणि उत्तर देण्याची मुदत आपोआप ठरली : येणारी उन्हाळ्याची सुट्टी. शिक्षकाच्या घरात वर्षभराचे सगळे अडलेले प्रश्न मे महिन्यावर ढकललेले असतात. दाताची कामं, घराचा रंग, लग्नकार्यं, बँकेची कामं, आणि माणसंही.

प्रश्न

वरवर पाहता प्रश्न सोपा होता. एकटी राहणारी म्हातारी बाई, एकदा पडलेली. तिला आपल्याजवळ आणावं. आम्ही स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हेच सांगितलं. मीही. "एकदा मन घट्ट करा आणि घेऊनच या," हे माझे शब्द होते.

अडचण अशी की हे एकदा करून झालं होतं. २०२३ च्या दिवाळीनंतर आजी डोंबिवलीला येऊन राहिल्या होत्या. तीन आठवड्यांत परत गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. बाईंनी मला नंतर सांगितलं ते असं : आजींना चार वाजता जाग यायची. गावी त्या वेळी चूल पेटते, विहिरीवर कळशी जाते. इथे बाहेरच्या खोलीत दोन्ही मुलं झोपलेली. दिवा लावला तर मुलं उठतील, भांडं वाजलं तर खालच्या मजल्यावरचे ओरडतील. म्हणून आजी अंधारात गॅलरीत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून राहायच्या, सहा वाजेपर्यंत, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्यांकडे बघत. पहिल्या दिवशी चार जिने उतरून खाली तुळशीला पाणी घालायला गेल्या. वर यायला पाऊण तास लागला. त्यानंतर उतरल्याच नाहीत. समोरच्या दाराला दिवसभर कडी. "शेजारी कोण रवता?" हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला आणि बाईंना दोन्ही वेळा नीट उत्तर देता आलं नाही, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं.

शहराला इथे दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्याच डोंबिवलीत दहा मिनिटांत दवाखाना आहे, रात्री दोन वाजता औषध मिळतं. गावात त्या पडल्या तेव्हा रिक्षा मिळाली हे नशीब. पावसात साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पाण्याखाली गेला की १०८ ची रुग्णवाहिकाही पुलाच्या अलीकडेच थांबते. बाईंना या दोन्ही गोष्टी दिसत होत्या आणि म्हणूनच त्यांची झोप उडाली होती. एका जागी माणूस सुरक्षित राहत होता पण सुकत होता. दुसऱ्या जागी टवटवीत होता आणि कधीही पडू शकत होता.

समोर असलेले पर्याय

मार्चपासून नवरा-बायकोत चर्चा झाल्या. तेव्हा चार वाटा समोर होत्या.

पहिली, आजींना कायमचं डोंबिवलीला आणायचं आणि गावचं घर बंद करायचं. नवऱ्याचा कल इकडे होता. आईच्या काळजीने तो पार खचून गेला होता, हेही लिहायला हवं.

दुसरी, बाईंनीच गावाकडे बदली घ्यायची. यावर फार वेळ गेला नाही. आंतरजिल्हा बदलीची सोय जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना असते, खाजगी संस्थेतल्या शिक्षकाला ती वाट नाही. शिवाय फ्लॅटचे हप्ते.

तिसरी, गावातच कुणाला तरी पैसे देऊन रात्रीच्या सोबतीला ठेवायचं. "माणसं काय म्हणतील, मुलगा असून परकी बाई ठेवली," या एका वाक्यावर ती मागे पडली. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार व्हायला हवा होता तो याच वाटेचा, आणि झाला सगळ्यात कमी.

चौथी, जसं चाललंय तसं चालू द्यायचं आणि मे महिना, गणपती एवढं गावी जायचं. मनगट मोडल्यावर हे कुणाला पटणारं नव्हतं.

पहिली वाट ठरली. ९ एप्रिलला ८ जूनच्या परतीच्या गाडीचं आरक्षण उघडलं. साठ दिवस आधी उघडतं, आणि कोकणच्या गाड्या मे-जूनमध्ये काही मिनिटांत भरतात. बाईंनी सकाळी घरून, नवऱ्याने ऑफिसच्या वाटेवरून, दोघांनी दोन मोबाइलवर प्रयत्न करून पाच तिकिटं मिळवली. नवरा शेवटच्या आठवड्यात गावी येणार, मग सगळे एकत्र परतणार. चार तिकिटं घरातल्यांची, पाचवं आजींचं.

आजींना हे सांगितलं नाही. "समोर बसून समजावू, फोनवर नको," असं ठरलं. हा या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण. ज्यांच्याबद्दल निर्णय होता त्याच त्यात नव्हत्या, आणि आमच्यापैकी कुणालाही ते खटकलं नाही.

सुट्टीची सुरुवात

बाहेरच्या लोकांना वाटतं की शिक्षकांना दोन महिने सुट्टी. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षाच २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि निकाल १ मेला लावायचा होता. मध्ये पाच दिवस. पेपर तपासणं, श्रेणी काढणं, निकालपत्रकं, प्रगतिपुस्तकं, नोंदवह्या. बाईंकडे नववीचे दोन वर्ग होते. ३० एप्रिलला रात्री साडेदहाला त्यांनी मला निकालपत्रकाच्या एका बेरजेसाठी फोन केला तेव्हा मागे मिक्सर चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन, मग निकाल, मग पालकांचे प्रश्न. कपाटाला कुलूप लावून त्या शाळेच्या फाटकाबाहेर पडल्या तेव्हा दोन वाजले होते.

सुट्टी कागदावर २ मे ते १५ जून, म्हणजे ४५ दिवस. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी आठवडाभर उशिरा उघडतात, आमच्याकडे त्या वर्षी १६ जूनला उघडणार होत्या.

जाण्याची रेल्वेची तिकिटं वेटिंगवरच राहिली होती. २ मेच्या रात्री बाई आणि दोन्ही मुलं एसटीने निघाली आणि ३ तारखेला सकाळी तिठ्यावर उतरली. आजी रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या. "इलंस गो बाय?" म्हणाल्या आणि नातवाच्या पाठीवरची सॅक काढून स्वतःच्या खांद्याला लावली. ज्या हाताचं मनगट मोडलं होतं त्याच हाताने.

पहिले आठ-दहा दिवस सुट्टीसारखे गेले. एक लग्न झालं, वेंगुर्ल्याच्या समुद्रावर जाणं झालं, माहेरी दोन दिवस झाले. दुपारी झोप. बाईंना त्या झोपेची खरंच गरज होती आणि मी त्यांना त्याबद्दल काही म्हणणार नाही. पण याच दिवसांत आजी दोन-तीनदा कौलं परतण्याचं, म्हणजे पावसाआधी ती काढून पुन्हा नीट बसवून घेण्याचं बोलल्या. "अजून वेळ आहे," असं उत्तर मिळालं. कॅलेंडरवर खरंच वेळ होता. पावसाळा मृगाला, म्हणजे ७-८ जूनला सुरू होतो, हे बाई शाळेत मुलांना शिकवतात.

तिकिटाची गोष्ट उघड होते

११ मे, रविवार. खळ्यात रातांबे फोडायचं काम चालू होतं. नातू आजीच्या शेजारी बसून बिया वेगळ्या करत होता. बोलता बोलता तो म्हणाला, "आजी, जाताना खिडकीत तू बसायचं की मी? तुझं तिकीट पण काढलंय."

आजींनी हातातला रातांबा फोडून पूर्ण केला. बिया टोपात टाकल्या, साल सुपात ठेवली. मग विचारलं, "माका कोणी इचारल्यान?"

बाई पडवीत होत्या. त्यांनी समजावण्याचा प्रयत्न केला. मनगटाचं, दवाखान्याचं, रात्रीअपरात्रीचं, सगळं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि मग दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, आवाज चढवणं नाही. बाई मला म्हणाल्या, "मला वर्गात चाळीस पोरं गप्प करता येतात. ही शांतता मला सहन होईना."

त्यांनी मला फोन केला तो तिठ्यावरून, कारण घरात रेंज नव्हती. मी पुन्हा तेच सांगितलं, की थोडे दिवस रागावतील, नंतर रुळतील. आज मागे वळून बघताना त्या फोनची मला लाज वाटते. मी ते घर पाहिलेलं नव्हतं. आजींना कधी भेटले नव्हते. चौथ्या मजल्यावरच्या आयुष्यात जे शहाणपण चालतं तेच मी तिकडे पाठवत होते.

१३ मेला दहावीचा निकाल होता. दुपारी एकला ऑनलाइन. बाई, मुलगी आणि मुलगा उन्हात तिठ्यावर जाऊन उभे राहिले. तिथे आणखी सात-आठ पोरं मोबाइल वर धरून उभी. साइट उघडायला वीस मिनिटं लागली. ८७ टक्के. घरी आले तेव्हा आजी उंबऱ्यावर उभ्याच होत्या. त्यांनी नातीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, देवाकडे नारळ ठेवला, आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा सुनेकडे वळून बोलल्या : "आधी कौला परतून घेवया. मगे माझा काय ता बघ. घर बंद केलं तर एक पावस पण काढूचा नाय."

टाचणवही

या वाक्याने प्रकरणाला वळण मिळालं. त्या संध्याकाळी बाई आजींच्या शेजारी पाटावर बसल्या आणि रातांबे फोडायला लागल्या. आयतं सोलकढी पिणाऱ्यांना या कामाची कल्पना येत नाही. पिकलेला रातांबा अंगठ्याने दाबून फोडायचा, गरासकट बिया टोपात, साल वेगळी. गराच्या रसात मीठ घालून आगळ करायचं. साल त्यात बुडवायची, दुसऱ्या दिवशी उन्हात पसरायची, संध्याकाळी पुन्हा आगळात. असं पुन्हापुन्हा, चार-पाच दिवस, म्हणजे सोलं काळपट, मऊ आणि टिकाऊ होतात. बियांचंही काही फुकट जात नाही, त्यांचं मुठेल निघतं, थंडीत टाचांच्या भेगांना लावायला. अर्ध्या तासात बाईंच्या बोटांच्या रेघा न रेघा लाल झाल्या. नखांतला तो रंग शाळा उघडली तरी गेला नव्हता. मी पाहिला आहे.

हाताला काम असलं की आजी बोलतात, हे बाईंना त्या दिवशी कळलं. लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर. आजी बोलत गेल्या आणि बाईंनी पिशवीतून टाचणवही काढली. शिक्षक रोजच्या पाठाचं टाचण जिच्यात काढतात ती. मागच्या कोऱ्या पानांवर त्या लिहीत गेल्या. कौलं परतणं, फुटलेली बदलणं. मागच्या बाजूची रीप वाळवीने खाल्लेली. लाकडं मांगरात भरणं. न्हाणीची पायरी. विहिरीवरचा पंप वाजतो. सांडगी मिरच्या. सोलं. बेगमीचे तांदूळ. वह्या तपासणाऱ्या माणसाने स्वतः वही घेऊन बसणं, मला ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

यादी झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की त्यात कुठेही "मी एकटी आहे" किंवा "मला भीती वाटते" नव्हतं. भीतीची जागा एकच होती, न्हाणीची पायरी. तीही यादीत पाचवी. आजींना सोबतीची गरज नव्हती असं नाही. पण त्यांच्या लेखी घर उभं राहणं आधी आणि स्वतःचं पडणं नंतर होतं. शहरातून पाहताना घर म्हणजे राहायची जागा. आजींना ते रोज खाऊपिऊ घालावं लागणारं जनावर होतं. त्याला सोडून आठ दिवस गेलं तरी त्यांचा जीव लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कौलांसाठी गड्याला निरोप पाठवला. उत्तर आलं, २४ मे. त्याआधी एकही दिवस रिकामा नव्हता. गावातली सगळी घरं मृगाच्या आधीच्या पंधरवड्यातच शाकारली जातात, आणि कौलांवर नीट चालणारी माणसं आता गावात दोन-तीनच उरली आहेत. तरणी पोरं मुंबईला आणि गोव्याला. जे ३ मेला मागितलं असतं तर आठवड्यात झालं असतं, ते १४ मेला मागून मिळेना. हा दुसरा निर्णायक क्षण होता, आणि तो कुणाच्या लक्षात न येता निघून गेला होता.

पाऊस

त्या वर्षी काय झालं ते कोकणात सगळ्यांना आठवतं. २० मेपासूनच मुसळधार पाऊस लागला. २४ मेला मोसमी पाऊस केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी, २५ मेला, देवगडपर्यंत पोचला. २६ तारखेला मुंबईत. एरवी दक्षिण कोकणात तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. बागायतदारांचा शेवटचा आंबा झाडावर होता. घराघरांत वाळवणं खळ्यात होती.

पहिल्या रात्री आजींच्या खोलीत तीन ठिकाणी गळती लागली. वीज गेलेली. टॉर्चच्या उजेडात बाईंनी आणि मुलीने पिंप, टोप, कळशी लावली. आजींनी बिछाना गुंडाळून देवघरात नेला आणि पहिल्यांदा काय वाचवलं असेल तर सोलांची सुपं. तीन पुटं झाली होती, दोन राहिली होती. चुलीवरच्या माळ्यावर धुराच्या उबेला ती पसरली. त्यातली निम्मी पुढच्या चार दिवसांत बुरशीने गेली.

२१ तारखेला सकाळी बाईंनी नवऱ्याला फोन करून बोलावलं. त्याला सुट्टी मिळाली २३ तारखेपासून, चार दिवसांची. गडी येणं शक्यच नव्हतं, ओल्या कौलावर पाय ठरत नाही. शेवटी शेजारचे दोघे पुरुष आणि काकींचा पुतण्या, पाऊस दोन तास उघडला तेवढ्यात शिडी लावून चढले आणि मागच्या उतारावर ताडपत्री बांधून दिली. पैसे विचारले तर राग आला त्यांना. "गणपतीक येतलास ना, तवा आरतेक उभे रवा," असं त्यातला एक म्हणाला. बाईंना डोंबिवलीतलं ते कडी लावलेलं दार तेव्हा आठवलं असं त्या म्हणाल्या. मी त्यांना एवढंच म्हणाले की आपणही ते दार कधी ठोठावलेलं नाही.

याच गडबडीत दोन गोष्टी येऊन आदळल्या. एक, बाईंच्या नोकरीला बारा वर्षं पूर्ण झालेली असल्याने वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण लागलं, २ जूनपासून. ते चुकवलं तर वेतनश्रेणी अडते. म्हणजे ४५ दिवसांच्या सुट्टीतले गावचे दिवस उरले २८, आणि ८ जूनची पाचही तिकिटं निरुपयोगी. दुसरी, अकरावीचे प्रवेश. त्या वर्षीपासून ते साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले होते आणि पुढे ढकललेली नोंदणी २६ मेपासून सुरू व्हायची होती. गावात वीज येऊन-जाऊन.

तेव्हा बाईंनी जो निर्णय घेतला तो मला धाडसाचा वाटतो. मुलीला आजींजवळ ठेवून स्वतः मुलाला घेऊन परतायचं. अर्ज राज्यात कुठूनही भरता येत होता, मग डोंबिवलीत बसूनच भरायचा हट्ट का? मुलीने २८ तारखेला शेजारच्या दादाच्या मोटरसायकलवर बसून कुडाळला जाऊन अर्जाचा पहिला भाग भरला. महाविद्यालयांची पसंती आईशी फोनवर बोलून दुसऱ्या खेपेला. ती १२ जूनपर्यंत राहिली. ताडपत्री काढून कौलं परतली गेली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस ऊन पडलं तेव्हा. गड्यासमोर उभं राहून कौलं मोजून घेणारी तीच होती. दोनशे बारा बदलली.

३१ मेला बाई सावंतवाडी-दिवा गाडीने, आरक्षण नसलेल्या डब्यातून, दिवसभर प्रवास करून परत आल्या. पाचवं तिकीट त्यांनी रद्द केलं होतं. आजींना त्यांनी ते रद्द केल्याचा मेसेज दाखवला. आजींना वाचता येत नाही. तरीही त्यांनी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ बघितला.

परिणाम

निघण्याआधीच्या तीन दिवसांत पुढच्या गोष्टी झाल्या. न्हाणीची पायरी तासून खडबडीत केली आणि भिंतीला लोखंडी नळीचा कठडा बसवला. खर्च एका दिवसाच्या मजुरीचा आणि नळीचा. ज्या अपघातावरून दहा महिने घर ढवळून निघालं होतं, त्याचं कारण सहा तासांत दूर झालं. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण जुलै ते मे या काळात आमच्यापैकी एकानेही "त्या पडल्या कुठे?" हा प्रश्न विचारला नव्हता.

शेजारच्या काकी पावसाचे चार महिने रात्री आजींकडे झोपायला येतात. दरमहा ठरलेली रक्कम त्यांच्या खात्यात जाते. हे आजींनीच काकींशी बोलून ठरवलं. "परकी बाई" हा शब्द नवऱ्याच्या तोंडचा होता. आजींसाठी त्या तीस वर्षांच्या शेजारीण होत्या. काकींकडे घराची दुसरी किल्ली आणि अडीअडचणीला पाच हजार रुपये ठेवले आहेत. रोज संध्याकाळी सातला फोन. नाही लागला तर काकींच्या पुतण्याला.

गणपतीला, २७ ऑगस्टला, सगळे गावी होते. गावची जत्रा आटोपल्यावर आजी स्वतःहून डोंबिवलीला आल्या, दोन महिने राहून शिमग्याच्या आधी परतल्या. परतीची तारीख माहीत असली की त्यांचं मन रमतं, असा बाईंचा अनुभव. या खेपेला त्यांनी समोरचं दार ठोठावलं. सोलं द्यायला. वाचलेल्या निम्म्यातली.

सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. सप्टेंबरात आजींना ताप आला तेव्हा बाई शाळेतून निघू शकल्या नाहीत, घटक चाचणी चालू होती. दोन रात्री त्या झोपल्या नाहीत. नवरा अजूनही मधूनच "एकदा घेऊनच येऊ" म्हणतो. आजी ७५ च्या झाल्या. ही व्यवस्था किती वर्षं पुरेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि काकीही साठीच्या पुढे आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

बाई आणि मी यावर पुष्कळ बोललो. काही ठिकाणी आमचं एकमत नाही.

तिकीट काढण्याआधी आजींना विचारायला हवं होतं, यावर आहे. बाई म्हणतात, विचारलं असतं तर नाहीच म्हणाल्या असत्या. मला वाटतं, ते "नाही" मार्चमध्ये ऐकलं असतं तर कारणंही मार्चमध्येच कळली असती आणि गड्याला एप्रिलमध्ये निरोप गेला असता. शाळेत एखादं मूल सतत गैरहजर राहिलं तर आपण आधी घरी जाऊन कारण बघतो. घरच्या माणसाच्या बाबतीत आपण थेट निकालपत्रक लिहितो.

सुट्टी कशी मोजायची, हा दुसरा मुद्दा आणि मला तो फार जवळचा वाटतो. आपल्या मनात मे महिना विसाव्याचा. कोकणातल्या घरासाठी तोच महिना वर्षातला सगळ्यात घाईचा असतो : कौलं, लाकूडफाटा, वाळवणं, सगळं ऊन आहे तोवर. चाकरमानी गावी जातो तो नेमका त्या घाईत, आणि पाहुण्यासारखा बसतो. गावात शांतता वाटते ती बसणाऱ्याला. बाईंचं म्हणणं असं की शिक्षकालाही विसावा हवाच, नाहीतर जूनमध्ये वर्गात उभं कसं राहायचं? खरं आहे. मग निदान कामं आधी आणि समुद्र नंतर, एवढा क्रम तरी बदलता आला असता. पावसाने २० मेला येऊन तो प्रश्न आमच्या हातातून काढून घेतला.

मुलीला मागे ठेवण्याबद्दल मी जरा साशंक होते. दहावीनंतरचे दिवस, प्रवेशाची धावपळ, मैत्रिणी सगळ्या इकडे. बाई ठाम आहेत की तो सगळ्यात चांगला निर्णय होता. मुलीला मी विचारलं. ती म्हणाली की आजीबरोबर एकटी राहिलेले ते बारा दिवस तिला आवडले, फक्त रात्री बेडकांचा आवाज फार होता.

आणि माझा सल्ला. तो न मागता दिलेला होता, दोनदा. सहकाऱ्याच्या घरचा प्रश्न ऐकताना आधी चार गोष्टी विचाराव्यात, हे मी या प्रकरणात शिकले : घरात कोण काय काम करतं, अपघात नेमका कुठे झाला, शेजारी कोण आहे, आणि त्या माणसाचं स्वतःचं म्हणणं काय.

या वर्षीच्या सुट्टीची टाचणवही बाईंनी मला मागच्या आठवड्यात दाखवली. शेवटचं पान उलटं करून सुरुवात केलेली. '१ मे निकाल. रात्रीची एसटी. ३ मे कौलं, गड्याला आजींनी सांगितलं आहे. ४ मेपासून सोलं, पाच पुटं.' वेंगुर्ल्याचा समुद्र १५ तारखेला आहे. त्यापुढे कंसात मुलीच्या अक्षरात लिहिलं आहे : आजी पण.